भरल्या ओटीतला नारळ

१६ ऑगस्ट १९८६, शनिवार. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं ते तीन वाजून सोळा मिनिटं, या चार मिनिटांत माझी धाकटी बहीण सुनंदा वायोमिंगमधल्या एका डोंगरी नदीच्या अलीकडच्या काठावरून पलीकडच्या काठावर गेली. तिला सातवा महिना होता. मध्ये पन्नास फूट रुंदीचं, बर्फ वितळून आलेलं पाणी होतं. जवळचा पूल चार मैलांवर होता. पलीकडे ती सापडली तेव्हा तिची साडी, मोजे, बूट कोरडे होते.

या सदरातले अनुभव मी वाचते ते संशयानेच, हे आधीच सांगते. लग्नाआधी सहा वर्षं मी पुण्याच्या एका दैनिकात बातमीदार होते. भानामतीच्या तीन प्रकरणांवर मला पाठवलं होतं. तिन्ही ठिकाणी माणसाचाच हात निघाला आणि तसंच मी लिहिलं. त्या नोकरीतून एक सवय मात्र राहिली – वही जवळ ठेवायची आणि जे घडेल त्याची वेळ टिपायची. खाली दिलेल्या वेळा त्या वहीतल्या आहेत. नदीचं नाव लिहीत नाही, कारण लोक तिथे अजूनही लहान मुलं घेऊन कॅम्पिंगला जातात.

तेव्हा आम्ही ओहायोत, डब्लिनला राहायचो. सुनंदाचा नवरा अनिल वायोमिंगमध्ये जिऑलॉजीत पीएच.डी. करत होता. आमच्या आईला दम्यामुळे इतका प्रवास झेपणार नव्हता, म्हणून बाळंतपणासाठी अनिलची आई जूनमध्येच आली होती. मी त्यांना मावशी म्हणायचे. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठावरचं गाव. नऊ वर्षांपूर्वी यजमान गेलेले. ऑगस्टमध्ये मी दहा दिवसांसाठी गेले, तेव्हा अनिलने आम्हाला डोंगर दाखवायला नेलं. दोन दिवस मोटेलमध्ये राहायचं, दिवसा फिरायचं, असा प्लॅन होता.

सातवा महिना लागला होता आणि ओटी भरायची राहिली होती. मावशी म्हणाल्या, नदीकाठासारखी जागा नाही, तिथेच भरू. शिवाय हायवेवरचा पूल ओलांडून आम्ही आलो होतो. मावशींच्या गावाकडे पोटुशी बाई नदी ओलांडून आली की नदीचीही ओटी भरतात. तेव्हा दोन ओट्या भरायच्या झाल्या. वाटेतल्या सुपरमार्केटमध्ये नारळ दोनच होते आणि त्यातला एक हलवून पाहिला तर आत पाणीच नव्हतं. दुसरा घेतला. इथले, अमेरिकेतले नारळ तुम्हाला माहीत आहेत – सोलून, घासून चकोट केलेले. मावशींनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला.

"याला शेंडी कुठेय रे?"

"इथे नारळाची मुंज करत नाहीत, आई," अनिल म्हणाला.

सुनंदा इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं. तो दिवस आठवला की आधी हेच आठवतं.

जागा अशी होती: कच्च्या रस्त्याच्या शेवटी छोटं पिकनिक ग्राउंड, तीन लाकडी टेबलं. त्या दिवशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. उंची साधारण आठ हजार फूट. नदी आमच्या समोरून डावीकडून उजवीकडे वाहत होती. त्या टप्प्यात ती दोन खडकांमध्ये आवळली गेली होती, त्यामुळे पाणी खोल आणि वेगाचं. आवाज इतका की टेबलाशी बसून बोलायचं तरी मोठ्याने बोलावं लागे. पलीकडे वाळूची अरुंद पट्टी, मग पाइनचं दाट जंगल. रस्ता नाही, घर नाही, तंबू नाही.

मावशी विधवा, त्यामुळे ओटीला त्या हात लावणार नव्हत्या. मी म्हटलं, इथे कोण बघतंय. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी बघते ना." काय कसं करायचं ते त्यांनी मला टेबलाशीच सांगितलं. सुनंदाला नारळ. नदीला संत्रं चालेल, तेही फळच. आधी नदीची ओटी, मग सुनंदाची. एवढं सांगून त्या गाडीपाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. अनिलही तिकडेच गेला. त्या नदीला मराठी कळणार नाही, असं काहीतरी तो म्हणत होता आणि मावशी त्याला गप राहून पुऱ्या खायला सांगत होत्या.

दोन वाजून चाळीस मिनिटं. सुनंदा हिरवी साडी नेसून, वर स्वेटर घालून उभी होती. तिचे पाय सुजले होते. मी म्हटलं, तू बस, आधी तुझीच उरकू. पाट म्हणून घडी घातलेली चादर टाकली. हळदीकुंकू लावलं, तिच्या पदरात तांदूळ, खण आणि नारळ घातला. मग नदीकडे वळले. हातात संत्रं होतं. पिशवीतलं, साल थोडं दबलेलं संत्रं... ते मला अगदीच बरं वाटेना. सुनंदाच्या ओटीला नारळ लागून झाला होता, म्हणजे नारळाचं काम झालं, असं मी धरून चालले. म्हटलं, आण तो इकडे. तिनेच काढून दिला. कुंकू लावून, थोडे तांदूळ सोडून मी तो नारळ पाण्यात सोडला. उजवीकडच्या वळणापर्यंत तो दिसला.

ही चूक माझी आहे. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

मी सांगायच्या आधीच सुनंदा चादरीवरून उठली आणि काठावरच्या एका सपाट दगडावर जाऊन बसली. पदरातले तांदूळ आणि खण तसेच होते, पदर मुठीत धरलेला. तीन वाजून पाच मिनिटांनी अनिलने तिथे तिचा फोटो काढला आणि कॅमेरा ठेवायला गाडीकडे गेला. मावशी टेबलाशी येऊन बसल्या. माझ्यापासून सुनंदा वीस पावलांवर होती.

मी थर्मासमधून चहा ओतायला लागले. पहिला कप अर्धा झाला आणि मला चहा कपात पडल्याचा आवाज ऐकू आला.

हे नीट सांगते, कारण यातलं सगळं इथून सुरू झालं. तोपर्यंत त्या जागी चहा ओतल्याचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. मला तो स्पष्ट ऐकू आला. मावशींचा श्वास ऐकू आला. शंभर फुटांवर अनिलने कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन ओढली, ती ऐकू आली. नदीचा आवाज थांबला होता. मी नदीकडे पाहिलं. सुनंदा दगडावरच होती. पाणी वाहत होतं, खडकावर आपटून पांढरं होत होतं, तुषार उडत होते – आणि आवाज नव्हता. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही ते कळलं होतं. दुसरा कप भरायला जितका वेळ लागतो तितका वेळ गेला. मग आवाज परत आला, एकदम, दार उघडल्यासारखा. मी घड्याळ पाहिलं. तीन बारा.

दगडावर सुनंदा नव्हती.

ती पडली, हाच पहिला विचार. अनिल काठाकाठाने उजवीकडे धावत सुटला. मी दगडापाशी गेले आणि पाण्यात पाहत राहिले – हिरवं काही दिसतंय का. काही दिसलं नाही. मागून मावशींनी माझा दंड धरला आणि बोट दाखवलं.

सुनंदा पलीकडच्या वाळूवर एका दगडावर बसलेली होती. आमच्याकडे तोंड करून. पदर मुठीत तसाच. तीन सोळा.

मी हाक मारली. तिने ऐकली. मोकळा हात तोंडाशी धरून ती ओरडली, आणि तिचे शब्द मला कळले.

"ताई, तुम्ही सगळे पलीकडे कशाला गेलात?"

मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार होते? ती उभी राहिली. साडी घोट्याच्या वर घेतली आणि पाण्याकडे यायला लागली. तिच्या लेखी आम्ही पलीकडे गेलो होतो, म्हणजे पाण्यातून वाट असणार. अनिल लांब होता. मी जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात थांब म्हणत होते. ती थांबत नव्हती.

मावशी पुढे गेल्या. त्यांचा आवाज माझ्याइतका मोठाही नव्हता.

"सुनंदा, पाटावरून उठायचं नाही. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

सुनंदा मागे फिरली आणि दगडावर जाऊन बसली. फिरली तेव्हा पाण्यापासून ती दोन पावलांवर होती.

अनिल परत आला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि बूट काढायला लागला. मावशींनी त्याला अडवलं. रेंजर स्टेशन सहा मैलांवर होतं. तो गाडी घेऊन तिकडे गेला. तीन चोवीस. तिथून पुढे अडीच तास नदीच्या अलीकडे मी आणि मावशी, पलीकडे सुनंदा.

मावशींनी मला विचारलं, नदीची ओटी कशाने भरलीस. मी म्हटलं, नारळाने.

"कुठल्या नारळाने?"

"एकच होता ना, मावशी."

मग म्हणाल्या, "विद्या, भरल्या ओटीतलं दुसऱ्या बाईला देतात का गं? आणि तेही आधी तिच्या पदरात घालून, मग काढून?"

मला माहीत नव्हतं. तेच मी सांगितलं.

चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला सुनंदाने आमचं लक्ष वेधलं. एक हात पोटावर ठेवला आणि दुसरा हात नकारार्थी हलवला. तीनदा. बाळ हलत नव्हतं. मी मावशींकडे पाहिलं नाही.

यानंतर जे पाहिलं ते जसं दिसलं तसं लिहिते. सुनंदाने पोटावरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी पदर धरला. पदराचं टोक तिच्या मांडीवरून पुढे, पाण्याच्या दिशेने ताणलेलं होतं. दोरी ताणावी तसं, आडवं. ते टोक कुणी धरलेलं नव्हतं. वारा नव्हता, तिच्या मागच्या झाडांची एक फांदी हलत नव्हती. ती मागे रेलून पदर आपल्याकडे ओढत होती आणि तिचे बूट वाळूत घसरत होते. हे मी एक मिनिटभर पाहिलं असेन. भीतीने माणसाचं तोंड कडू होतं, हे वाचलेलं होतं. ते खरं आहे.

मावशी टेबलाकडे गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. तांदळाचा पुडा, ते संत्रं, दोन सफरचंदं, हळदकुंकवाची डबी. नऊ वर्षांत त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. त्या गुडघ्यांवर बसल्या, पाण्याच्या कडेच्या खडकाला हळद आणि कुंकू लावलं आणि ओंजळी भरभरून एकेक वस्तू पाण्यात सोडली. प्रत्येक ओंजळीला तेच म्हणत होत्या.

"हे तुझं. ते तिचं. हे तुझं. ते तिचं आहे, बाई."

पुड्यातला शेवटचा दाणा त्यांनी झटकून टाकला. पलीकडे पदर खाली पडला. सुनंदाने तो गोळा करून पोटाशी धरला. चार एकतीस.

पाच पन्नासला रेंजर आणि अनिल पलीकडच्या झाडांतून बाहेर आले. वरच्या पुलावरून घोड्याने आले होते. रेंजर पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. तिथे पोचल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वाळू पाहिली. वाळूवर सुनंदाच्या बुटांचे ठसे होते: दगडाभोवती, पाण्याच्या दिशेने चार पावलं आणि परत, आणि घसरल्याचे दोन चरे. झाडांकडून दगडाकडे आलेला एकही ठसा नव्हता. पाण्यातून आलेलाही नव्हता. मग त्याने सुनंदाचे बूट आणि साडीचा काठ हाताने चाचपले. पदरात तांदूळ होते, कोरडे, मोकळे. कपाळावरचं कुंकू मी लावलं तसंच होतं.

गाडीपाशी आल्यावर त्याने मला विचारलं की ती कुठल्या पुलावरून गेली. मी वेळा सांगितल्या. त्याने लिहून घेतल्या, पुन्हा विचारल्या, पुन्हा त्याच सांगितल्या. तो म्हणाला, या जागी मी स्वतः दोराशिवाय पाण्यात उतरत नाही. मला खोटारडी म्हणाला नाही, आणि माझ्यावर विश्वास ठेवला असंही नाही.

जवळच्या गावातलं छोटं हॉस्पिटल गाठायला रात्रीचे आठ वाजले. वाटेत सुनंदा एकदाच बोलली. बाळ अजून हलत नाही, एवढंच. नर्सने पोटावर मशीन ठेवलं. खरखर ऐकू येत होती, बाकी काही नाही. तिने जागा बदलली, पुन्हा बदलली. अनिल भिंतीकडे तोंड करून उभा होता. चार मिनिटांनी ठोका सापडला. आठ वाजून चोवीस मिनिटं. नर्सने मोजला, एकशे अडतीस, आणि नॉर्मल म्हणून सांगितलं.

सुनंदाने तिची हकिगत दुसऱ्या दिवशी मोटेलमध्ये सांगितली. मी प्रश्न विचारले नाहीत. ती बोलली ते लिहून घेतलं.

"मी हलले नाही, ताई. मी बसले होते तिथेच बसले होते. एकदम सगळं गप्प झालं. मी पाण्याकडे बघत होते आणि पाणी उलटं वाहायला लागलं. उजवीकडून डावीकडे. मग वर बघितलं तर तुम्ही पलीकडे."

मावशींनी विचारलं, "आणि पदर?"

तिने उठून दार लावून घेतलं.

"कुणीतरी समोर बसलं होतं. दिसत नव्हतं. ओटीत हात घालून चाचपत होतं... हळू, सगळीकडे. हात गार होते. काहीतरी हरवल्यासारखं शोधत होतं. तांदूळ बाजूला करून बघत होतं. मग पोटाला हात लावला."

हे तिने पुन्हा कधी सांगितलं नाही. अनिलला तर अजिबात नाही.

त्या रविवारी दुपारी मी आणि अनिल परत त्या जागी गेलो. अलीकडे आणि पलीकडे ती ज्या दगडांवर बसली होती त्यांच्या मध्ये, नदीच्या वर-खाली दीड-दीड मैल, पाण्यात पाऊल ठेवता येईल असा एकही खडक नव्हता, आडवं पडलेलं झाडही नव्हतं. अनिल जिऑलॉजीचा विद्यार्थी. आवाज थांबण्याबद्दल तो म्हणाला की डोंगरात हवेचे थर आवाज वळवतात. मी विचारलं, मग शंभर फुटांवरची चेन कशी ऐकू आली? तो म्हणाला, त्याला स्वतःला काही वेगळं जाणवलंच नव्हतं. ती मुळात कुठल्या काठावर होती हे आपणच विसरलो असू, अशीही शंका मी घेऊन पाहिली. पण महिन्याने रोल धुऊन आला. तीन पाचच्या फोटोत सुनंदा अलीकडच्या दगडावर बसलेली आहे, मागे चादर आणि टेबलाचा कोपरा दिसतो.

सप्टेंबरअखेर पाणी उतरल्यावर रेंजर स्वतः दोर बांधून त्या जागी उतरला. हे त्याने मला पत्राने कळवलं; मी आधी लिहिलं होतं, त्याला उत्तर म्हणून. एक तृतीयांश अंतरापलीकडे त्याचे पाय टिकले नाहीत. पत्रात त्याने अंदाज केलेला नाही. माझ्याकडेही तो नाही. यात चाळीसेक वर्षं गेली आहेत, आणि प्रत्येक खुलाशात एखादी तरी वेळ, एखादा तरी ठसा शिल्लक राहतो.

त्या दिवसापासून सुनंदा कुणासमोरही बसली की पोटावरचं कापड मुठीत धरायची. साडी असो, मॅटर्निटी गाऊन असो. झोपेतही. मावशी तिच्या खोलीत खाली अंथरूण घालून झोपायच्या. बारा आठवडे असेच गेले.

७ नोव्हेंबर १९८६, शुक्रवार. लेबर रूममध्ये नर्सने दोनदा सांगूनही सुनंदाने गाऊनची कड सोडली नाही. अनिल आत होता, बाळंतपणासाठी पुन्हा आलेली मी उघड्या दाराबाहेर. मुलगी झाली. वजन सहा पौंड अकरा औंस. बाळ रडलं, ते तिने ऐकलं आणि मूठ उघडली. वेळ, पहाटे चार वाजून सोळा मिनिटं.